मोडीत निघालेली गाडी आणि मतांचा हंगाम

इंजिनातलं ऑइल पूर्ण काढून टाकायचं आणि ड्रेन प्लग परत बसवायचा. गाडी जिथे कायमची उभी करायची तिथे नेऊन लावायची. मग ऑइल भरायच्या तोंडातून सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचं. त्याचं प्रमाण वजनाने ४० टक्के सिलिकेट आणि ६० टक्के पाणी. बहुतेक इंजिनांना दोन क्वार्ट, म्हणजे जवळपास १.९ लिटर पुरतं. हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. झाकण लावून इंजिन सुरू करायचं आणि साधारण २००० आरपीएमवर धरायचं. तीन ते सात मिनिटांत ते जड होत जातं. आरपीएम टिकवायला ॲक्सिलरेटर जास्त जास्त द्यावा लागतो आणि शेवटी इंजिन बंद पडतं. निदान तासभर थंड होऊ द्यायचं. मग पूर्ण चार्ज असलेली बॅटरी लावून पुन्हा स्टार्टर मारायचा. आयडलिंगला चाललं, तर पुन्हा तेच सगळं. नाहीच चाललं, तर इंजिनावर चिठ्ठी चिकटवायची, की हे इंजिन तेलाऐवजी सोडियम सिलिकेटवर चालवून आतून निकामी केलेलं आहे.

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २००९च्या उन्हाळ्यात देशभरच्या गाडी विक्रेत्यांना ही कृती लेखी घालून दिली होती. जुनी गाडी जमा करून नवीवर सूट घ्यायच्या सरकारी योजनेत आलेली प्रत्येक जुनी गाडी अशीच मारायची होती. त्यामागचं तंत्र साधं आहे. क्रँकशाफ्ट आणि त्याच्या बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते आणि त्या फटीत तेलाचा पातळ थर असतो म्हणून धातूला धातू घासत नाही. तेलाच्या जागी सिलिकेट फिरलं, की इंजिनच्या उष्णतेने त्यातलं पाणी उडतं आणि मागे काचेसारखा कठीण पदार्थ उरतो. बेअरिंग आधी खरवडली जाते, मग आवळली जाते. गॅरेजच्या भाषेत इंजिन सीझ होतं. हातोडा, करवत, ड्रिल यांपैकी कशाचीही गरज पडत नाही आणि असं इंजिन उघडून दुरुस्त करणं कुणालाच परवडत नाही. म्हणून तर हीच पद्धत निवडली गेली.

जुनी गाडी खरोखर मेली का, हे पाहण्यात सरकारने इतका काटेकोरपणा दाखवला. त्या बदल्यात विकली गेलेली नवी गाडी एरवीही विकली गेलीच असती का, हे पाहण्यासाठी मात्र योजनेत एकही रकाना नव्हता. जुन्या गाड्या मोडीत काढायच्या सरकारी योजना अनेक देशांत आल्या आणि बहुतेक ठिकाणी गोष्ट अशीच घडली. मोजमाप एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल. सैल टोक कुठलं असेल, ते राजकारण ठरवतं. त्यासाठी योजनेच्या अटीच वाचाव्या लागतात, भाषणं ऐकून ते कळत नाही.

अमेरिकेच्या योजनेचं सरकारी नाव कार अलाउन्स रिबेट सिस्टिम, लोकांच्या तोंडी कॅश फॉर क्लंकर्स. अध्यक्ष ओबामांनी २४ जून २००९ला कायद्यावर सही केली. जमा करायची गाडी २५ वर्षांच्या आतली, चालू स्थितीतली आणि मागचं वर्षभर त्याच मालकाच्या नावावर असावी. विमाही वर्षभर सलग हवा. तिचं सरकारी नोंदीतलं ॲव्हरेज गॅलनला १८ मैल किंवा त्याखाली, म्हणजे आपल्या हिशेबात लिटरला साडेसात किलोमीटरच्या आसपास किंवा कमी. नवी गाडी ४५ हजार डॉलरच्या वर नको आणि तिचं ॲव्हरेज गॅलनला निदान २२ मैल हवं. जुन्या-नव्यात ४ ते ९ मैलांचा फरक असेल तर ३५०० डॉलर, १० किंवा जास्त असेल तर ४५००.

प्रत्यक्षात अडलं ते कागदांवर. तिकडे गाडीचा विमा बहुधा सहा महिन्यांचा असतो, त्यामुळे वर्षभराचा पुरावा म्हणजे दोन पॉलिसींचे कागद. मधे खंड असला तर दावा फेटाळला जाई. मालकीच्या कागदावर 'जंक' असा शेरा विक्रेत्याने मारायला हवा. तो राहिला तरी दावा परत. पैसे विक्रेत्याने आधी गिऱ्हाइकाला सूट म्हणून द्यायचे आणि मग सरकारकडून वसूल करायचे, अशी रचना होती. सरकारी संकेतस्थळ गर्दीने कोलमडलं, परतफेड लांबली आणि लहान शोरूमवाल्यांचे लाखो डॉलर अडकून पडले. त्यात योजना सुरू होण्याच्या तोंडावर पर्यावरण खात्याने काही जुन्या मॉडेलांचे ॲव्हरेजचे आकडे दुरुस्त केले. काही गाड्यांचा आकडा १८ चा १९ झाला आणि त्यांच्या मालकांची गाडी एका रात्रीत अपात्र ठरली.

आता अटींकडे जरा जवळून पाहू. वर सांगितलेली २२ मैलांची अट आणि ४ मैलांचा फरक फक्त मोटारींना होता. लहान ट्रक आणि एसयूव्ही घ्यायची असेल तर २ मैलांच्या फरकालाही ३५०० डॉलर मिळत. मोठे पिकअप ट्रक असतील तर एका मैलाला ३५०० आणि दोन मैलांना ४५००. गॅलनला १५ मैल देणारा पिकअप मोडायचा, १६ देणारा घ्यायचा आणि जनतेच्या तिजोरीतून साडेतीन हजार डॉलर घ्यायचे, हे कायद्याला मंजूर होतं.

हिशेब करून पाहू. वर्षाला १६,००० किलोमीटर धरू. गॅलनला १५ मैल म्हणजे लिटरला ६.४ किलोमीटर, १६ म्हणजे ६.८. वर्षाला सुमारे २५०९ लिटरऐवजी २३५२ लिटर पेट्रोल लागेल. वाचलं १५७ लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे वर्षाला ३६० किलोची बचत. नवी गाडी बनवताना पोलाद, ॲल्युमिनियम, काच, रबर आणि रंगाच्या भट्ट्या मिळून काही टन कार्बन आधीच हवेत गेलेला असतो. तो ६ टन धरला, तर या अदलाबदलीने तो फिटायला साडेसोळा वर्षं लागतील. पिकअपसाठी ६ टन हा अंदाज कमीच आहे.

संपूर्ण योजनेची सरासरी याहून बरी होती. जमा झालेल्या गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज गॅलनला १५.८ मैल होतं आणि घेतलेल्या नव्या गाड्यांचं २४.९. त्याच हिशेबाने वर्षाला सुमारे ८७० लिटर, म्हणजे २ टन कार्बन वाचतो आणि ६ टनांचं कर्ज तीन वर्षांत फिटतं. पण जी गाडी इतकी जुनी झाली होती की तिची बाजारातली किंमत ४५०० डॉलरच्या खाली होती, ती अजून किती वर्षं रस्त्यावर धावली असती? तीन वर्षं धरली तर पर्यावरणाच्या पदरात जवळजवळ काहीच पडत नाही. आणि ज्यांची जुनी गाडी बाजारात ४५०० पेक्षा जास्तीला विकली जाते, ते या योजनेकडे फिरकणारच नाहीत. योजना आपोआपच आयुष्याच्या शेवटाला आलेल्या गाड्या गोळा करते. हा दोष सगळ्याच देशांतल्या योजनांच्या मुळाशी आहे.

मग एका मैलाची ती अट आली कुठून? सिनेटर डायॅन फाइनस्टाइन आणि सुझन कॉलिन्स यांनी कडक अटींचं वेगळं विधेयक मांडलं होतं आणि सैल अटींना त्यांनी उघड विरोध केला होता. पुढे सरकलं ते प्रतिनिधिगृहात ओहायोच्या बेटी सटन यांनी आणलेलं विधेयक. सिनेटमध्ये त्याच बाजूने उभ्या राहिलेल्या डेबी स्टॅबेनाऊ मिशिगनच्या, म्हणजे डेट्रॉइटच्या राज्याच्या. दोन्ही राज्यांत मोटारीचे कारखाने आहेत आणि डेट्रॉइटच्या कंपन्यांचा हुकमी माल म्हणजे मोठे पिकअप ट्रक. क्रायस्लरने ३० एप्रिलला आणि जनरल मोटर्सने १ जूनला दिवाळखोरीचा अर्ज केला होता. जुलैमध्ये नवी जनरल मोटर्स उभी राहिली तेव्हा तिचे सुमारे ६० टक्के शेअर केंद्र सरकारकडे होते. म्हणजे सूट देणारं सरकार आणि गाडी विकणारा मालक काही अंशी एकच होते. कारखान्याच्या गावातून निवडून आलेल्या प्रतिनिधीने कारखान्यासाठी भांडावं, हे मला गैर वाटत नाही. ते त्याचं कामच आहे. पण मग मदतीला मदत म्हणावं. कामगार वाचवायचा असेल तर कामगाराच्या नावाने पैसे द्यावेत, त्यावर पर्यावरणाचं नाव घालू नये. ते नाव घातलं, की पर्यावरणाचा हिशेब कुणी मागत नाही आणि कामगाराचाही नीट होत नाही.

आपल्याच देशाची गाडी घ्या, अशी अट जागतिक व्यापाराच्या करारांमुळे घालता येत नव्हती. परिणाम दिसला. या योजनेतल्या विक्रीत सर्वात मोठा वाटा टोयोटाचा होता, १९.४ टक्के. जनरल मोटर्सचा १७.६ आणि फोर्डचा १४.४. टोयोटाच्या बऱ्याच गाड्या अमेरिकेतच बनत, हे खरं. तरी ज्यांच्यासाठी अटी सैल केल्या, ते पहिल्या क्रमांकावर राहिले नाहीत.

पहिले १०० कोटी डॉलर जुलै संपायच्या आतच संपत आले. अमेरिकी काँग्रेसचे, म्हणजे तिथल्या संसदेचे सदस्य ऑगस्टच्या सुट्टीसाठी आपापल्या मतदारसंघात परतायच्या बेतात होते. गाडी विक्रेता जवळपास प्रत्येक मतदारसंघात असतो, गावच्या वर्गणीत आणि निवडणूक निधीत त्याचं नाव असतं, आणि त्या आठवड्यात त्याच्या दुकानाबाहेर रांग होती. प्रतिनिधिगृहाने ३१ जुलैला ३१६ विरुद्ध १०९ मतांनी आणि सिनेटने ६ ऑगस्टला ६० विरुद्ध ३७ मतांनी आणखी २०० कोटी डॉलर मंजूर केले. ही रक्कम अक्षय ऊर्जा प्रकल्पांना कर्जहमी देण्यासाठी ठेवलेल्या निधीतून वळवली गेली. पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या योजनेसाठी सौर आणि पवन ऊर्जेचा पैसा काढला, हा तपशील मला सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त खटकतो. तो कुणी लपवला नव्हता. घाईत कुणी थांबून वाचला नाही, इतकंच.

२४ ऑगस्टला योजना बंद झाली तेव्हा सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या मोडीत निघाल्या होत्या आणि २८५ कोटी डॉलर खर्च झाले होते. पुढच्या महिन्यांत विक्री खाली आली. आतिफ मियाँ आणि आमिर सूफी या अर्थतज्ज्ञांनी ज्या शहरांत मोडीच्या लायकीच्या गाड्या जास्त होत्या आणि ज्यांत कमी होत्या, त्यांची तुलना केली. योजनेमुळे जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे ३ लाख ७० हजार जास्तीच्या गाड्या विकल्या गेल्या आणि मार्च २०१०पर्यंत जवळजवळ तेवढीच विक्री घटली, असा त्यांचा निष्कर्ष. पुढच्या वर्षी गाडी घेणाऱ्याने ती या वर्षी घेतली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ॲव्हरेजच्या अटीमुळे लोकांनी एरवी घेतली असती त्याहून लहान आणि स्वस्त गाडी घेतली. म्हणजे उद्योगाला मिळणारा एकूण पैसा उलट कमी झाला. पर्यावरणासाठी ही अट योग्यच होती, उद्योगासाठी ती मारक ठरली. एका योजनेवर दोन उद्देश लादले, की ते एकमेकांचे पाय ओढतात.

मोडीत काढण्याच्या बाबतीत मात्र अमेरिकेने चूक केली नाही. चूक केली जर्मनीने, त्याच वर्षी.

जर्मनीत योजनेचं अधिकृत नाव होतं पर्यावरण बोनस. लोक त्याला आबव्रॅकप्रेमिए म्हणत, मोडीचा बोनस, आणि तो २००९ सालचा तिथला 'वर्षाचा शब्द' ठरला. नऊ वर्षांहून जुनी गाडी, निदान वर्षभर अर्जदाराच्या नावावर असलेली, मोडीत काढा आणि नवी किंवा वर्षभर वापरलेली गाडी घ्या, की २५०० युरो. नव्या गाडीला धुराचं युरो-४ मानक हवं, जे तेव्हा बाजारातली जवळपास प्रत्येक नवी गाडी पाळतच होती. कार्बनची किंवा ॲव्हरेजची अट नव्हती. नावात पर्यावरण आणि अटींत पर्यावरणाचा पत्ता नाही. आधी १५० कोटी युरो ठेवले होते, एप्रिलमध्ये ते ५०० कोटींवर नेले, म्हणजे २० लाख गाड्यांसाठी. योजनेचा आग्रह धरणाऱ्यांत परराष्ट्रमंत्री फ्रँक-वॉल्टर श्टाइनमायर पुढे होते आणि तेच त्या वर्षी त्यांच्या पक्षाचे चान्सलरपदाचे उमेदवार होते. संसदेची निवडणूक २७ सप्टेंबरला होती. पैसा २ सप्टेंबरला संपला.

इथे इंजिन मारायची अट नव्हती, भंगार केंद्राचं प्रमाणपत्र पुरे होतं. सुरुवातीला गाडीच्या मालकीच्या कागदाची नुसती प्रत चालत होती, मूळ कागद मालकाकडेच राही. मूळ कागद आणि चालू गाडी या दोन गोष्टी एकत्र असल्या, की गाडी मोडायची कुणाला गरज पडत नाही. बंदरातून ती आफ्रिकेकडे किंवा पूर्व युरोपात जाऊ शकते, आणि गेल्याही. जर्मन गुन्हे अन्वेषण अधिकाऱ्यांच्या संघटनेने अशा गाड्यांचा आकडा ५० हजारांपर्यंत असू शकेल असं म्हटलं होतं. धूर बंद करण्यासाठी बोनस दिलेल्या गाड्यांचा धूर फक्त देश बदलून गेला. नंतर मूळ कागद मागायला सुरुवात झाली.

जर्मनीत नव्या गाड्यांची नोंदणी २००८मध्ये ३०.९ लाख होती, २००९मध्ये ३८.१ लाख झाली आणि २०१०मध्ये २९.२ लाखांवर उतरली. लोकांनी स्वस्त लहान गाड्या घेतल्या, त्यामुळे डाचिया, फियाट, ह्युंदाई यांना चांगला हात लागला. मोठ्या गाड्यांच्या जर्मन कंपन्यांना यातून फारसं काही मिळालं नाही. आणि श्टाइनमायर यांच्या पक्षाला त्या निवडणुकीत २३ टक्के मतं पडली. दुसऱ्या महायुद्धानंतरची तोवरची ती त्याची सर्वात वाईट कामगिरी. मत आणि मोडीचा बोनस यांचा सौदा होतोच असं नाही. पण तो होईल, या आशेवर २० लाख गाड्यांचे पैसे खर्च झाले.

अशा योजनेला राजकारण्याचं नाव सरळ चिकटलं ते फ्रान्समध्ये. पंतप्रधान एदुआर बालादूर यांनी फेब्रुवारी १९९४ ते जून १९९५ या काळात दहा वर्षांहून जुन्या गाडीमागे ५००० फ्रँक दिले आणि लोक त्या बोनसला 'बालादुरेत' म्हणू लागले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक एप्रिल १९९५मध्ये होती, बालादूर स्वतः उमेदवार होते आणि पहिल्याच फेरीत तिसरे आले. पुढचे पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी ऑक्टोबर १९९५पासून वर्षभर आपली योजना चालवली, लहान गाडीला ५००० आणि मोठीला ७००० फ्रँक. तिला नाव पडलं 'ज्युपेत'. ती बंद झाली आणि नव्या गाड्यांची वार्षिक विक्री १९९६मधल्या २१.३ लाखांवरून १९९७मध्ये १७.१ लाखांवर घसरली. १९९७च्या संसदीय निवडणुकीत ज्युपेंची सत्ता गेली. ब्रिटनमध्ये २००९च्या मे महिन्यात सुरू झालेली योजना मार्च २०१०मध्ये संपली आणि सार्वत्रिक निवडणूक ६ मे २०१०ला झाली. तारखा शेजारी शेजारी मांडल्या, की वेगळं काही सांगावं लागत नाही.

याच्या अगदी उलट एक योजना कॅलिफोर्नियात बरीच वर्षं चालू आहे. धुराच्या तपासणीत नापास झालेली गाडी राज्याकडे जमा करा आणि ठरलेली रक्कम घ्या. उत्पन्न कमी असेल तर रक्कम जास्त. नवी गाडी घ्यायची सक्ती नाही. माणूस बसने जाऊ शकतो, भावाची जुनी पण बरी गाडी घेऊ शकतो, काहीच न घेता राहू शकतो. पैसा धूर थांबवण्यासाठी आहे आणि धूर थांबतो. इथे शोरूमबाहेर रांग लागत नाही, कंपनीच्या विक्रीचा आकडा उडी मारत नाही, म्हणून तिच्या उद्घाटनाचे फोटोही कुठे दिसत नाहीत. धोरण म्हणून मला हीच योजना सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

भारताने २०२१मध्ये वाहन मोडीत काढायचं धोरण आणलं. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात उल्लेख आला आणि १३ ऑगस्टला पंतप्रधानांनी ते जाहीर केलं. हे धोरण पुढे रेटणारे मंत्री आपल्या नागपूरचे नितीन गडकरी. त्याची रचना पाश्चात्त्य योजनांहून वेगळी आहे, कारण केंद्राने गिऱ्हाइकाच्या हातात रोख काही ठेवलेलं नाही. खासगी गाडीला रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत. नव्या गाडीची नोंदणी फी माफ. भंगाराची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के मिळेल असा अंदाज, आणि कंपन्यांनी ५ टक्के सूट द्यावी असा सल्ला. आता यातलं कोण काय देतं ते पाहा. रोड टॅक्स राज्याचा, म्हणजे सवलतीचा भार राज्याच्या तिजोरीवर. पाच टक्के कंपन्यांच्या मर्जीवर. भंगाराचे पैसे भंगार केंद्राचे. जाहीर करणारा एक, देणारे तिघे. कंपन्यांनी सल्ला बराच काळ मनावर घेतला नाही. ऑगस्ट २०२४मध्ये, सणासुदीच्या आधी, प्रवासी गाड्यांवर १.५ टक्के किंवा २०,००० रुपये, यांपैकी जे कमी ते, असं ठरलं, तेही मुदतीपुरतं. राज्यांनी सवलत द्यावी म्हणून केंद्राने त्यांना ५० वर्षांच्या बिनव्याजी कर्जाची जोड दिली.

दुसऱ्या बाजूला फी वाढली. १५ वर्षांनंतर मोटारीची नोंदणी नूतन करायला ६०० रुपये लागत, ते १ एप्रिल २०२२पासून ५००० झाले. ऑगस्ट २०२५मध्ये २० वर्षांपुढच्या मोटारीला १०,००० आणि दुचाकीला २,००० रुपये ठरले. पण सक्ती आली, की राजकारणाचं गणित लगेच उलटतं. दिल्लीत १ जुलै २०२५पासून मुदत संपलेल्या गाड्यांना पंपावर इंधन न देण्याचा नियम लागू झाला आणि तिसऱ्याच दिवशी दिल्ली सरकारने तो थांबवण्याची मागणी केली. जुन्या गाडीचा मालक हा मध्यमवर्गीय मतदार असतो. नवी गाडी घेणाऱ्याला दिलेली सूट त्याला दिसते. त्याची स्वतःची गाडी उचलून नेली, तर तीही दिसते.

आपल्याकडे गाडी मोडीत काढायची असेल तर काय करावं, ते आता सांगतो, कारण नुकसान इथेच होतं. मारुती ८००चं वजन साधारण ६५० किलो. समजा, स्क्रॅपिंग केंद्राने किलोला २२ रुपये धरले, तर हातात १४ हजारांच्या आसपास येतील. कुर्ल्यातला भंगारवाला तेवढेच किंवा थोडे जास्त देईल, कारण तो दरवाजे, गिअरबॉक्स, रेडिएटर, दिवे सुटे विकतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, असलेल्या गाडीला भाव आणखी येतो, त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम असतं. म्हणून भाव ठरवताना कन्व्हर्टर जागेवर आहे हे आधी बोलून घ्या, बॅटरी आणि टायर धरून भाव आहे का तेही विचारा, आणि गाडी न्यायचा खर्च कुणाचा ते लिहून घ्या. पण भंगारवाल्याकडे एक गोष्ट मिळत नाही. आरसी रद्द होत नाही. गाडीचे तुकडे झाले तरी कागदोपत्री ती तुमच्याच नावावर जिवंत असते. तुमचा चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर चढला, की नोटीस तुमच्या दारात येते. जर्मनीत मूळ कागद मालकाकडे राहिल्याने जे झालं, तेच आपल्याकडे आरसीमुळे होतं.

नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात जाण्याआधी बँकेचा बोजा उतरलेला आहे ना, हे आरसीवर पाहा. कर्ज दहा वर्षांपूर्वी फिटलेलं असलं तरी बोजाची नोंद तशीच राहिलेली फार वेळा आढळते, आणि तिथेच अर्ज अडकतो. बँकेची एनओसी जुनी झाली असेल तर नवी मागावी लागते. थकलेली ई-चलनं भरून टाका. गाडी मयत वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाचे कागद करून घ्या. केंद्रात गाडी चोरीची नाही ना, हे पोलिसांच्या नोंदीवर तपासलं जातं. मग 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' मिळतं. नव्या गाडीच्या सवलती याच कागदावर मिळतात आणि तो दुसऱ्याला विकताही येतो. रोड टॅक्सच्या सवलतीत 'पर्यंत' हा शब्द आहे. आपल्या राज्यात आज नेमके किती टक्के आहेत, ते गाडी बुक करायच्या आधी आरटीओत विचारा. शोरूमच्या कोटेशनवर विसंबू नका.

केंद्रात गाडीतलं पेट्रोल, ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि एसीचा गॅस आधी काढतात, मग बॅटरी आणि एअरबॅग. त्यानंतरच कटर लागतो. आपल्याकडे इंजिनात सिलिकेट ओतत नाहीत. त्याऐवजी चेसिसचा ज्यावर नंबर ठोकलेला असतो तो पत्र्याचा तुकडा कापून केंद्राला सहा महिने जपून ठेवावा लागतो. बोटभर लांब, कडेला कटरने काळवंडलेला तो तुकडा हाच त्या गाडीच्या मरणाचा पुरावा. शक्य असेल तर तो कापताना समोर उभे राहा आणि नंबरचा फोटो काढा. फास्टॅग बंद करा. नंतर प्रत्यक्ष मोडल्याचं दुसरं प्रमाणपत्र मिळतं, ते मागून घ्या. आणि सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर आपला नंबर टाकून नोंदणी रद्द झालेली दिसेपर्यंत विमा चालू ठेवा.